रिकामी डबी

सोम. २८ जुलै, मुखेड
श्रावणातला पहिला सोमवार. महादेवी अक्कांच्या अंगणात बारा बाया, पाच पोरी. प्रत्येकीने डाव्या तळव्याचा निळीचा ठसा जुन्या लुगड्यावर उमटवला. लिंगायत बाया पूजेत गळ्यातलं इष्टलिंग ज्यावर घेतात तो तळवा. माझ्या प्रबंधात याला 'हातातून होणारं शिक्षण' म्हणायचं. बोजड आहे, पण गाईड मॅडमना आवडेल.

माझ्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बघून अक्का म्हणाल्या, "इतकं शिकून बी अंगावर ठिवलीस गं. बरं वाटलं."

डबी जूनमध्ये लातूरच्या सराफाकडून घेतली. आत काही नाही. माझं इष्टलिंग बारा वर्षं आईकडे निलंग्याला, कपाटात. मीच काढून दिलं होतं, भांडून. आणि आता या बायांना मी आपलीच वाटावी म्हणून... लिहितानाही लाज वाटते.

गुरु. ३१ जुलै, लातूर
प्रकरण तीन झालं. इष्टलिंग धारण केलेल्या बाईला विटाळ नाही, पाळीतही पूजा चुकत नाही, हे अक्का पोरींना कसं शिकवतात त्यावर. छान उतरलंय. दोनदा वाचलं, स्वतःवरच खूष.

सोम. ४ ऑगस्ट, मुखेड
सकाळी अक्का म्हणाल्या, "बस माझ्या बाजूला. संगट पूजा करू. काढ तुझं." विभूती, बेल, तांब्या, सगळं मांडलेलं. बाया, पोरी बघत होत्या.

तोंडातून निघालं, "अडचण आहे, अक्का."

प्रकरण तीन लिहिणारी मी.

"लिंग बांधलेलीला कसली आलीय अडचण?" म्हणाल्या, मग माझा चेहरा बघितला. सासरी पाळायला लावतात असं वाटलं असेल त्यांना. पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुध. ६ ऑगस्ट, लातूर
अक्कांचा फोन. त्यांची नात गौरी, सातवीतली, पाळी आली म्हणून कालपासून पायरीवर वेगळी बसतेय. पूजेला येत नाही, ठशाच्या कापडाला हात लावत नाही. अक्कांना म्हणाली, "कालिजातल्या मॅडम बी पाळतेत. तूच अडाणी."

अक्का माझ्यावर रागावल्या नाहीत. "तूच सांग तिला कायतरी. माझं ऐकून नाही राहिली."

त्या बाईने जन्मभर जे शिकवलं ते मी दोन शब्दांत... आणि संशोधक म्हणे मी.

शुक्र. ८ ऑगस्ट
गाईड मॅडमना मेसेज लिहिला, खोडला. परत लिहिला, खोडला. खरं सांगितलं तर मुखेडचं दार बंद, दोन वर्षांचं काम पाण्यात. नाही सांगितलं तर गौरी तिथेच, पायरीवर.

डबी अजून गळ्यात. काढायचीही सवय राहिली नाही.

सोम. ११ ऑगस्ट, मुखेड
पहिल्या एस्टीने आले. आत बायांची पूजा चाललेली, गौरी सातव्या दिवशीही पायरीवर. तिच्या शेजारी बसले.

"मी खोटं बोलले, गौरी. मला अडचण नव्हती."

"मंग कामून म्हणलाव?"

डबी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिने कानाशी नेऊन हलवली. मग उघडली. आत बोट फिरवून बघितलं.

"आजीला तुमी सांगताव का मी सांगू?"

आत पूजा संपत आली होती.