पिवळ्या मुठीच्या चाकूची किंमत

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा चाकू-कात्र्यांना धार लावणे, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही धाकाविना लिहून ठेवते की माझ्या मागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. याआधीचा कागद कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

१. दुकानामागच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलाला. खोल्या त्याने खुशाल विकाव्यात. चाकाच्या घरघरीने त्याचं डोकं लहानपणापासून उठतं. माझ्या आठवणीखातर तिथे राहायचं नाटक नको.

२. दुकान, पायाने फिरवायचं चाक आणि सगळे दगड मुलीला. तिने चालवावं असा हट्ट नाही. कोणाला द्यायचं ते तिने ठरवावं; तिची पारख माझ्यापेक्षा बरी आहे. कारण कलम पाचमध्ये.

३. शेजारच्या शिंप्याला काही ठेवलेलं नाही. मी धार लावून दिलेल्या कात्रीने हा बाबा तीस वर्षं कागद कापतोय आणि वर मलाच विचारतो, "बाई, धार टिकत का नाही हो?"

४. मुलाने आणलेला महागडा चाकू मुलाला परत. वर्षभर मी तो गिऱ्हाइकांना मिरवत होते. मग डब्याचं झाकण उचकटताना टोकच उडालं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

५. पिवळ्या मुठीचा घडीचा चाकू मुलीला. यादीत वकीलसाहेबांनी त्याच्यापुढे 'किंमत नगण्य' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. पहिल्या पगारातून तिने तो रस्त्यावरच्या पथारीवरून माझ्यासाठी आणला होता. मी पात्याला टिचकी मारली आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "हा चाकू आहे का पत्रा? आठ दिवसांत धार जाईल."

धार आठ दिवसांत गेलीच. पण परत लावायला दोन मिनिटं पुरली. दगड हाताशी नसेल तर कपाच्या बुडावरही लागते. मुठीतला खिळा सैल झाला तर एका ठोक्यात बसतो. एकोणीस वर्षं तो माझ्या खिशात आहे. मी धार किती टिकते तेवढंच पाहिलं, परत किती सहज लागते ते पाहिलं नाही. जन्म या धंद्यात घालवून ही चूक केली.

त्या दिवसापासून पोरीने मला काही दाखवलं नाही. दर आठवड्याला फोन करते, तब्येत विचारते. नोकरी बदलली, घर बांधायला काढलं, सगळं झाल्यावर कळवते. "तुला कसं वाटतं?" असं एकदाही विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून इथे लिहिलं.

६. (सहीआधी हाताने वाढवलेलं.) वकीलसाहेब म्हणाले, हा कागद मी गेल्यावरच वाचला जाईल. मग काय उपयोग, कपाळ! त्यांच्यासमोरच मुलीला फोन लावला आणि कलम पाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तो अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे की. आत्ताच मी त्याने पेन्सिल तासली."

"रविवारी येते मी. दारासाठी लाकडाचे दोन नमुने आणलेत. कुठलं घेऊ, बघून सांगशील?"

सांगेन. पण आधी तिला विचारेन, तुला कुठलं आवडलं.

कलम पाच आहे तसंच ठेवावं.

सही : धारवाली बाई

साक्षीदार : १. शेजारचा शिंपी (कलम तीन वाचून, तोंड वाकडं करून सही केली)
२. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई

ठिकाण : दुकानात, चाकाशेजारी
दिनांक : ११ मार्च, बुधवार. रविवारला चार दिवस आहेत.