जोडवं आणि कटल्याचं रक्त

साबण लावून जोडवं फिरवते आहे, आई, पण ते जागचं हलत नाही. तुझीही अशीच बोटांत रुतली होती. दवाखान्यातली नर्स म्हणाली, कापावी लागतील, आणि तू पाय पोटाशी ओढून घेतलेस. ‘मालक समोर बसल्यात की. जित्या नवऱ्याची जोडवी कापत्यात व्हय?’ बाबा खुर्चीतून उठले. ‘आगं, मी हितंच हाय, कुटं गेलो न्हाई. मीच सांगतुया, काप म्हनून.’ शेवटी पक्कड त्यांनीच हातात घेतली. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. दोन्ही जोडवी निघाल्यावर एवढंच म्हणालीस, ‘आता जपून ऱ्हावा.’ बाबा अजून धडधाकट आहेत. गेलीस तू.

त्या शेवटच्या महिन्यांत तुझी भाजी मी वेगळी, अळणी शिजवायचे. पाणीही बेतानंच. तू चुलीपाशी बसून दारातून धरण बघायचीस. ‘आख्खं धरण भरलंय, अन् मला घोटभर देतीस व्हय गं? माशांना कोन सांगतंय का, कमी प्या म्हनून?’ आता सांगते. गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पाणी पीतच नाही, आई. ते आपसूक त्याच्या अंगात शिरत राहतं. प्रयोगशाळेत मी त्याच धरणातल्या कटला माशाचं रक्त कमी मिठाच्या पाण्यात सोडते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी फुगते, आता फुटेल असं वाटतं. मग ती स्वतःजवळचे क्षार बाहेर सोडू लागते, त्यांच्यामागे पाणी निघतं, आणि थोड्या वेळात ती जवळपास होती तेवढी होते. आपल्या तांबड्या पेशीला हे जमत नाही. तुझी सूज पेशींतली नव्हती, थकलेल्या मूत्रपिंडांमुळे होती. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला कळतं. तरी प्रत्येक वेळी पेशी आकसू लागली की मी तुझे पाय बघत असते.

माझ्या पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. ह्यांना मी सांगितलंय, बूट घट्ट आहेत. डॉक्टरांनी तुझ्या वेळीच बजावलं होतं, लेकीनंही तपासून घ्यावं. मी दिवसभर माशांचं रक्त तपासते. माझं तपासायला मला भीती वाटते.

इथवर काल संध्याकाळी लिहिलं. आज सकाळी ह्यांना पाय दाखवले. त्यांनी गाडीची किल्ली घेतली. तपासायला रक्त देऊन आलो. जोडवं अजून पायात आहे.