काळ्या दगडावरचा वाटा

८ एप्रिल १९८२
पोचलो एकदाचे! निवृत्तीनंतर अंदमान दाखवतो, असं मधुकररावांनी वीस वर्षं ऐकवलं. दाखवलं काय, तर वैनगंगेतलं बेट. भंडाऱ्याहून एस.टी., मग बैलगाडी, मग गोमाजी कोळ्याचा डोंगा, म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी. चहूबाजूंनी पाणी आहे ना, मग बेटच, असं यांचं म्हणणं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी असला भूगोल शिकवला नव्हता. तरी जीव सुखावला, हे कबूल. पांढरी रेती, टरबुजांच्या वेली, राहायला फुकटची गवताची झोपडी. उन्हाळाभर गोमाजी आणि त्याची बायको रुखमा, दोघंच इथे वाडी राखतात. मला बघून रुखमा म्हणाली, "बाई, तुमी त नव्या नवरीवानी दिसून राहिल्या!" साठीच्या बाईला! पण टरबूज गोड निघालं.

९ एप्रिल
गोमाजी रोज माशांचे तीन वाटे करतो. एक बाजाराचा, एक घरचा, आणि तिसरा बेटाच्या टोकाला काळ्या दगडावर ठेवतो, नदीत बुडालेल्यांचा. सकाळी दगड रिकामा असतो. तो वाटा माणसाने खाल्ला तर ते त्याच्या अंगातून परत घेतात, असं त्याने आम्हाला बजावलं. टेलिफोन एक्स्चेंजात सदतीस वर्षं काढली, मेलेल्याचा कॉल कधी आला नाही, असं मी त्याला सुनावलं. तो हसला नाही.

१२ एप्रिल
तीन दिवस हे पहाटे फिरून येताना एक मरळ मासा आणतात. गोमाजीने दिली म्हणे. मी तिखट-हळद लावून तव्यावर परतते, दोघं जेवतो. आयुष्यभर चार आण्यांसाठी भाजीवाल्यांशी भांडणाऱ्या माणसाला रोज फुकट मासा कसा मिळतो, हे गोमाजीला विचारायला हवं.

१३ एप्रिल
दुपारी हे नदीवर हात धुवायला गेले आणि किंचाळले. मी धावले. यांच्या डाव्या हाताचं मनगटापासून कोपरापर्यंतचं मांस नाहीसं. सुरीने सोलल्यासारखं साफ. हाड उन्हात चमकत होतं. मी साडी फाडून बांधली, रक्त थांबेना. गोमाजीने चुलीजवळचे मरळीचे काटे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "साहेब, काहून खाल्लं जी? मी सांगतलो होतो ना!" तेव्हा यांनी कबूल केलं. दगडावर फुकट पडलेला चांगला मासा वाया कशाला घालवायचा!
वाटा खाल्लेल्या माणसाला डोंगा नेत नाही, डोहात उलटतो, असं गोमाजी रडत म्हणाला. तो आणि रुखमा डोंगा घेऊन डॉक्टर आणायला गेले. यांनाही न्या म्हणून धमकावलं, विनवलं, काही चाललं नाही.

१४ एप्रिल, सकाळ
कोणी आलेलं नाही. मासा नसला तरी दुसरं काही घेतील, म्हणून दगडावर चार मोठी टरबुजं ठेवली. ती परत आली. भिरकावून. एकाने झोपडीचा खांब मोडला. दुसरं यांच्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दुपार
पाण्यातून वर आले — सात. फुगलेले, पापण्या नाहीत, ओठ माशांनी खाल्लेले. मी कुऱ्हाड घेतली. एकाचा खांदा तोडला. आतून फक्त पाणी आलं. तुटलेला हात रेतीवरून सरपटत गेला, यांचा पाय धरला —

त्यांनी यांना काळ्या दगडावर निजवलं. घाई नाही. आधी मांडी, मग पोट. हे माझं नाव घेत होते. मग नाव अर्धंच —

वाटे करताहेत. सारखे. एक बाई तर हातात तोलून बघते आहे.

हे जास्त होतंय. तीन मासे होते, माणूस नव्हता. मी तसं ओरडून सांगितलं. असला व्यवहार चालत नाही, म्हटलं.

तेव्हा सगळ्यांनी मान वळवली.

ती बाई उठली. हिरवं ओलं लुगडं. स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे —

दार नाही झोपडीला. रेतीवर ओले पाय वाजतात. मी चोरी केली नाही. मला ठाऊक नव्हतं. शेपटीकडचा तेवढा मी — तो काटेरी — तोही यांनीच वाढला म्हणून — कुणीतरी त्यांना सांगा की मी फक्त