तुझ्या सुटकेच्या आधी

प्रिय ठमे,

तुझा पाव पोचला. समुपदेशनाच्या बाई स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, तुरुंगातल्या बेकरीत हल्ली तुझ्या हाताखाली चौघी शिकतात. मला हसूच आलं. घरी असताना चहाचं आधण ठेव म्हटलं तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. तुझ्या लेकीने दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्यासाठी तुझ्या वहिनीच्या मागे लागली. कुणी केला ते तिने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

ती आता माझ्या कमरेला लागते. जीभ थेट तुझी. परवा तुझ्या दादाला विचारलं, मामा, तू झोपेत घोरतोस की कुणाशी भांडतोस? दादा पोट धरून हसला. तुझा विषय निघाला की मात्र त्याचं तोंड म्हणजे शटर ओढलेलं दुकान. रात्री पोरगी वहिनीच्या कुशीत झोपते, तू उकळतं पाणी फेकलंस त्याच खांद्याशी. तो हात अजून पुरता वर जात नाही. वेणी घालायची तर वहिनी पलंगावर बसते आणि पोरीला खाली बसवते. पोरगी तिला आई म्हणते. कुणी शिकवलं नाही गं, आपलं आपणच म्हणायला लागली.

त्या दिवशी बाईंनी तुरुंगात आपली बैठक घेतली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. गोल बसायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तू वहिनीच्या डोळ्यांत बघून माफी मागितलीस, मला फार बरं वाटलं. ती काय म्हणाली ते तू ऐकलंसच. "माझ्या मनात राग नाही उरला. पण पाणी उकळायला लागलं की मी अजून दचकते. तू घरात असलीस तर मला झोप लागायची नाही." यात खोटं काय आहे, तूच सांग. मग माझी पाळी आली. मी सगळं घोकून आले होते. तुला म्हणायचं होतं, घर तुझंच आहे. तिला म्हणायचं होतं, तू म्हणशील तसं होईल. दोन्ही मनापासूनचं, पण एका तोंडाने कसं बोलू? शेवटी तुला विचारलं काय, तर जेवलीस का. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ठमे.

आता बाई म्हणतात, सुटका जवळ आली, तू कुठे राहणार ते घरच्यांनी कळवा. दादा म्हणतो, आई, तूच ठरव. वहिनी एवढंच म्हणाली की तू आलीस तर ती माहेरी जाईल. पोरीचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. बाईंच्या ओळखीचं एक वसतिगृह आहे, सुटून आलेल्या बायकांचं. तिथून बेकरीच्या कामालाही जाता येईल म्हणे. पण तिथे ज्या बाईला राहायचं तिने स्वतः मागावं लागतं. तर तू माग. मला घरी जायचं नाही, असं बाईंना सांग, मनापासून सांगितल्यासारखं सांग. मला तुला येऊ नकोस म्हणता येत नाही गं, मी आई आहे. लोकांनी विचारलं तर मी म्हणेन, आम्ही बोलावत होतो, ठमीच यायला तयार नाही. तेवढं सोस.

तुझीच,
आई