आप्पा, ते पाणी वाया गेलं नाही

आप्पा, आज तुमचं वाक्य पुन्हा ऐकलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य काही जात नाही. कडेगावच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. नद्या आणि वादळं किनाऱ्याजवळच्या समुद्राचं काय करतात, हा विषय. तुमच्या मुलीचा पेशाच तो, समुद्राचं पाणी मोजण्याचा. तासभर घसा कोरडा केला. चित्रं दाखवली, उपग्रहातून दिसणारा तपकिरी पट्टा दाखवला, पुराचं पाणी समुद्रात शिरल्यावर लगेच मिसळत नाही, हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं, हे एकदा सोडून दोनदा सांगितलं. मग म्हटलं, विचारा काही विचारायचं तर. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ टोपी सारखी करत उठले. "म्याडम, लय भारी सांगिटलं तुमी. पर शेवटाला काय, आपलं पाणी समुद्राला वायाच जातंय की!" आणि सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या. प्राचार्यांनीसुद्धा. मी माईक हातात धरून उभी, आणि मला त्या टोपीखाली तुमचा चेहरा दिसायला लागला. इतका वैताग आला म्हणून सांगू. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही असं म्हणतात, पण मी अर्धं आयुष्य तेच करते आहे. आताही दादाच्या ओसरीवर बसून तेच करतेय. वहिनी दोनदा चहाला हाक मारून गेली.

कोयनानगरचं ते क्वार्टर आठवतं. तुम्ही वीजघरातली पाळी संपवून आला आहात, आई स्टोव्हपाशी भाकरी थापते आहे. जमीन हलते, मांडणीवरचे डबे खणखणतात, आईचा हात थांबत नाही आणि तुम्हीही मान वर करत नाही, कारण तुम्ही बशीतल्या चहावर फुंकर घालत धरणाच्या दारांबद्दल बोलता आहात. दारं उघडली की तुम्हाला दुखायचं. खरंच कुठेतरी दुखतंय असा चेहरा व्हायचा. "किती टीएमसी गेलं बघ. समुद्राला वाया." दादाला आणि मला लहानपणी वाटायचं, समुद्र म्हणजे कोणीतरी चोर आहे. पावसाळा आला की तो आपलं काहीतरी घेऊन जातो, आणि सगळ्या तालुक्यात ते फक्त आप्पांना कळतं.

मग मी बारावी झाले आणि म्हटलं, मला समुद्राचा अभ्यास करायचा आहे. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "पाणी अडवायचं शिक. इंजिनेर हो. पाटबंधाऱ्यात लाग. गेलेल्या पाण्यामागं पळून काय करणार हायस?" मी म्हटलं, आवं आप्पा, तिथेही नदीचंच पाणी असतं. तुम्ही म्हणालात, "मग हितंच बघ की नदी. फुकट." आई हसली, आणि तुम्ही ते हसणं आपल्या बाजूचं धरलंत. त्या एका वाक्यावर तुम्ही आठवडाभर खूश होता. येईल त्या पाहुण्याला ते ऐकवलंत. मी मात्र त्या आठवड्यात तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. निघायच्या दिवशी एस. टी. स्टँडवर तुम्ही खात्याकडून मिळालेला रेनकोट माझ्या पिशवीत कोंबलात. जाड, काळा, घोट्यापर्यंत येणारा, ग्रीसचा वास मारणारा. "समुद्रावर पाऊस असतो," म्हणालात. एवढंच. तो रेनकोट घालून चालले की मी दोनदा तरी अडखळायची. होस्टेलच्या मुलींनी त्याला तंबू म्हणायला सुरुवात केली. पहिल्या पगारात मी आधी नवा रेनकोट घेतला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग तुम्ही एकदा कोकणात आलात. निवृत्त होऊन गावी राहायला गेला होतात, हातात गुळाची ढेप, डोक्याला रुमाल, घाटातल्या वळणांनी चेहरा पिवळा पडलेला. माझं काम तेव्हा खाडीच्या तोंडाशी चालायचं. आदल्या दोन दिवसांत वादळ होऊन गेलं होतं आणि समुद्र गढूळ झाला होता, लाटासुद्धा चहासारख्या. मी म्हटलं, बोटीतून चला. तुम्ही म्हणालात, "हितनं दिसतंय तेवढं पुरं." धक्क्यावर एक मासेवाली कोळंबी घेऊन बसली होती. तुम्ही भाव विचारलात, घ्यायचं नव्हतं तरी. ती म्हणाली, यंदा कोळंबी बरी आहे, पावसाळा बरा झाला ना. तुम्ही तिला विचारलंत, "पावसाचा नि कोळंबीचा काय संबंध?" ती म्हणाली, "घेणार नसाल तर पुढे व्हा." तुम्ही चिडलात. परत येताना सगळ्या रस्त्याने तुम्ही मला ऐकवलंत की कोकणात माणसांना बोलायची रीत नाही.

मी तुम्हाला समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आप्पा, पावसाचं पाणी डोंगरावरून माती आणि खतं घेऊन येतं, त्यावर समुद्रात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढतं, कोळंबीची पिल्लं खाडीच्या चिखलात त्याच्या जिवावर मोठी होतात. आणि शेवटी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, या खाडीतलं कितीतरी पाणी तुमच्याच वीजघरातलं आहे. कोयनेचं पाणी तुम्हीच बोगद्यातून इकडे सोडता, आयुष्यभर सोडलंत, मग ते नाही का वाया गेलं? मला वाटलं, आता सापडले. तुम्ही उभे राहिलात, रुमाल सोडून पुन्हा बांधलात. "ते काम करून आलंय," म्हणालात. "मशीन फिरवून आलंय. हितनं फुडं त्याला काय काम?"

मला उत्तर सुचलं नाही. मी, डॉक्टरेट केलेली बाई! तुम्ही गूळ माझ्या खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशीची गाडी पकडलीत आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात गेलात. शेवटचा शब्द तुमचाच. नेहमीसारखा.

उत्तर मला मिळालं ते मोठ्या पुराच्या वर्षी, आणि तेही असं मिळालं की कुणाला सांगायची चोरी. मी तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्यावर होते, जिथे आपली कृष्णा समुद्राला मिळते. नदीचं पाणी समुद्रात कसं पसरतं ते मोजायचं काम होतं, जहाज बंदरात तयार होतं. इकडे पावसाने धरलेलं. कोयनेची दारं उघडली, कराडला कोयना आणि कृष्णा दोन्ही फुगल्या, आणि पलूसच्या बाजूला आपल्या गावात पाणी शिरलं. दादाने वहिनीला आणि पोरांना कुंडलला आत्याकडे पोचवलं आणि स्वतः म्हशीपायी मागे राहिला. शेजारच्या गच्चीवरून त्याने फोन केला. आधी म्हशीचं सांगितलं, ती वाचली होती. मग घराचं. मी सगळं ऐकून घेतलं, आणि मग माझ्या तोंडातून गेलं, "दादा, पाणी किती गढूळ आहे रे?"

तो म्हणाला, "आमच्या सैपाकघरात कमरंएवढं पाणी हाय. देव्हारा तरंगतोय. आन् तू गढूळ किती इचारतीस?"

"तसं नाही दादा, ते इकडेच येणार आहे..."

"मग जा म्हणावं त्येला. लवकर ने. टाळ्या वाजवायला उभी हायस न्हवं तिथं?" आणि त्याने फोन ठेवला.

आता सांगा, मी काय चूक विचारलं? त्याचं घर बुडालं याचं मला दुःख नव्हतं का? माझंही घर होतं ते. पण पाणी वाटेतली सगळी धरणं भरत आमच्याकडे यायला वेळ लागणार होता, आणि ते आलं की आम्हाला तिथे असायलाच हवं होतं. ते काही माझ्या दुःखासाठी थांबणार नव्हतं. हे दादाला सांगून उपयोग नव्हता. तुम्ही असता तर तुम्हाला सांगूनही नसता. तुम्ही दोघं मिळून मला बोलला असता.

आम्ही निघालो. नदीच्या मुखापासून समुद्रात चांगलं आत गेलो तरी पाणी गोडसर लागत होतं. तारेला बांधून उपकरण खाली सोडलं की वरच्या थरात खारटपणा जेमतेम, आणि त्याखाली एकदम खरा समुद्र. मध्ये जणू कोणी फरशी घातली आहे. वर गोडं, उबदार, गढूळ पाणी, खाली थंड आणि खारं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, वरच्याला खालचं खत मिळत नाही. रेलिंगला धरून मी त्या मातकट पाण्याकडे बघत होते आणि मला त्यात बुडालेली आपली बैठकीची खोली दिसत होती. मग वादळ उठलं आणि जहाज बंदरात परत न्यावं लागलं. कॅप्टनने विचारलंसुद्धा नाही. मी बंदरातल्या गेस्ट हाउसच्या खिडकीतून आडवा पाऊस बघत होते आणि चरफडत होते, कारण जे बघायचं होतं ते नेमकं त्याच वेळी चाललं होतं, आणि तिथे कोणी नव्हतं.

वादळ ओसरल्यावर आम्ही त्याच जागी परत गेलो. फरशी फुटली होती, आप्पा. वाऱ्याने वरचं आणि खालचं पाणी घुसळून एक केलं होतं, उथळ समुद्राच्या तळाचा चिखल उचलून दूरवर पसरला होता, खालचं खत वर आलं होतं. आणि काही दिवसांनी पाणी हिरवं व्हायला लागलं. आपल्याकडे भाताच्या रोपांचा तरवा उगवतो ना, तसं कोवळं. मग त्यावर मासे, माशांवर पक्षी, पक्ष्यांच्या मागे होड्या. मी डेकवर उभी राहून मोठ्याने म्हटलं, हे काम! बघा, हे काम आहे! माझ्या मदतनीस मुलीने विचारलं, मॅम, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, कुणाशी नाही.

परतताना किनाऱ्यावरच्या एका गावात थांबलो. तिथे समुद्र घरांत शिरलेला, पण आपल्याकडच्या पुरासारखा येऊन परत जाणारा नव्हे, कायमचा. एका बाईने लाटांकडे बोट करून दाखवलं, तिथे तिचं माहेर होतं. माझ्या सहकाऱ्याने तिचं तेलुगू समजावून सांगितलं: पूर्वी नदी माती आणून घालायची आणि समुद्र ती न्यायचा, त्यामुळे किनारा जागेवर राहायचा, आता माती येत नाही, समुद्र न्यायचं काही थांबवत नाही. येत नाही, कारण मधल्या सगळ्या धरणांच्या तळाशी ती बसली आहे. अडवलेली. पाटबंधाऱ्यात लागलेल्या, तुमच्या मनातल्या त्या मुलीने अडवलेली.

मी तिथून थेट गावी आले. पाणी ओसरलं होतं आणि दादा फावड्याने सैपाकघरातला गाळ ओढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलीस? हा न्हे तुझ्या समुद्राला. लय अडलंय त्याचं." मी साडी खोचली, दुसरं फावडं घेतलं. बराच वेळ आम्ही नुसता गाळ ओढला. तुमच्या फोटोच्या काचेवरसुद्धा तो वाळून बसला होता, मी पुसला. मग दादानेच विचारलं, "काय झालं मग आमच्या पाण्याचं तिथं?" मी सांगितलं, सगळं, फरशीपासून त्या बाईच्या माहेरापर्यंत. तो फावड्यावर हात टेकून ऐकत राहिला. "म्हंजे वाया न्हाई गेलं?" मी म्हटलं, नाही. "आन् ह्ये?" त्याने घरभर हात फिरवला, फुगलेल्या दारांवर, भिंतीवरच्या ओल्या रेषेवर, वहिनीच्या उशीवर. "ह्ये कशात धरायचं?"

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "व्हय की वो वन्सं, सांगा की."  या घरात कुणाला पुरेल असं उत्तर माझ्याकडे कधी नसतं.

आज कडेगावला त्या टोपीवाल्यांना मी सगळं पुन्हा समजावलं. कोळंबी, हिरवं पाणी, वाहून गेलेलं गाव. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरं वो म्याडम, पर आमच्या हितं उन्हाळ्यात टँकर येतोय न्हवं." आणि बसले. त्यांचंही खोटं नाही. यानेच तर माझं डोकं फिरतं. मी जिंकत नाही आणि हरतही नाही, नुसती बोलते आहे.

आप्पा, एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, दादालाही नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हाला तर मुळीच नाही. दादाने फोन आपटला त्या दिवशी मी बंदरावर एकटी बसले होते, मोबाइलवर कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे बघत. आयुष्यभर नदीला सोडा, सोडा म्हणणारी मी. आणि मी मनातल्या मनात धरणाला म्हणत होते, मीट दारं. अडव. एक थेंब सोडू नकोस.