काढ्याचं मडकं

बोचौ, ६ मार्च १९८६

ती. वन्सं यांस,
पेइचूचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भावाला आता उजव्या हातात काड्या धरता येतात. नूडल्स मात्र अजून सदऱ्यालाच जास्त मिळतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि अर्धांगाचा झटका पुन्हा येऊ नये म्हणून शन वैद्यांचा काढाही. तानशनची लाल मुळं दोनदा उकळायची असतात. मला टाकवेनात म्हणून परवा तिसऱ्यांदा उकळली, तर वैद्य म्हणाले की बाई, हे नुसतं रंगीत पाणी आहे. चोथा हे स्वतः चौकात टाकून येतात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी दुखणं निघून जावं म्हणून. काल फानकाकू त्यावरून घसरल्या. दुखणं राहिलं घरात, शेजार मात्र तुटायला आलाय!

माझं काढ्याचं मडकं शाबूत आहे ना, असं तुम्ही पुन्हा विचारलंत. आहे हो! पण मी पाठवायची नाही. उसनं मडकं परत करणं म्हणजे दुखणं घरपोच करणं. मालकिणीच्या घरी कुणी आजारी पडलं की तिनंच येऊन न्यायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. नको असेल तर चौकशा कशाला?

कन्यीनमातेची कृपा आहेच, तुमचाही लोभ असू द्यावा.
आपली,
पेइचू

शीवान, १० मार्च

सौ. पेइचूस,
सूछिनचे अ. आ.

मडक्याची चौकशी केली तर एवढं फणकारायला काय झालं? राहू दे तुझ्याकडेच. मी लोखंडी कढईत भागवते. काढा काळा पडतो, पण गुडघ्यांना काय कळतंय! शन वैद्यांकडून आमच्या तिंगरुईच्या पुड्यांसारख्याच दोन पुड्या पाठव. कुणासाठी ते सांगू नकोस. सूपाचा वाडगा फुटला, मांजर मेलं पायात येतं. अक्षर वाकडं आलंय, कारण टेबल डुगडुगतंय.

भावाला जप. तुझी जीभ तेवढी आवर.
सूछिन

बोचौ, १३ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला मेंदूचा काढा? मला काय दूधखुळी समजलात? गेल्या शरदात तुमच्या भावाच्या हातून वाडगा पडला तेव्हा त्यांनीही मांजराला शिव्या घातल्या होत्या. आमच्याकडे तर मांजरच नाही! शन वैद्यांना मी सरळ सांगितलं. ते म्हणाले की नाडी पाहिल्याशिवाय एकाची पुडी दुसऱ्याला द्यायला हा काही गूळ नाही. आणि हात बधिर होत असेल तर आधी इस्पितळ, काढा मागाहून. तेव्हा पुड्या पाठवत नाही. पत्र मिळताच इस्पितळात जा. आणि इतके दिवस मडकं न्यायला का आला नाहीत, तेही कळवा.

रागावलात तरी चालेल.
पेइचू

शीवान, १६ मार्च

सौ. पेइचूस,
अ. आ.

वैद्यापुढे माझी अब्रू काढलीस! हो, होतो हात बधिर. सकाळी जीभही जड होते, मग सुटते. इस्पितळात ठेवून घेतलं तर बदकांना कोण पाहील? मडक्याचं म्हणशील, तर मी ते न्यायला दारात उभी राहिले की तिंगरुईला न सांगता कळणार. आईमागे मीच त्याला वाढवलंय. माझ्या काळजीनं त्याला पुन्हा झटका आला, तर कुठल्या देवाला तोंड दाखवू? म्हणून मुकाट्यानं कढईत उकळते. तूही गप्प राहा. तुला माझी शपथ आहे.

सूछिन

बोचौ, १८ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची शपथ मोडली. देवीपुढे उदबत्ती लावून क्षमा मागितली आणि पत्र यांना वाचून दाखवलं. झटका वगैरे काही आला नाही. उलट यांनी तुम्हाला अशी एक शिवी दिली, की इतके महिने अडखळणारी जीभ तेवढ्यापुरती लख्ख सुटली. मग म्हणाले की ताईला वाटतं मी अजून तिच्या पाठुंगळीलाच आहे. बुटांचे बंद स्वतः बांधत बसलेत. मला हात लावू देत नाहीत आणि बस चुकेल म्हणून माझ्यावरच ओरडताहेत.

बदकं फानकाकूंचा भाचा पाहील. तो शीवानलाच असतो. तुम्ही जाडी बंडी घाला, इस्पितळात गारठा असतो. वाद घालायचा असेल तर वाटेत घाला.

समोर आले की तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे लिहिते आहे. टपालाची थैलीही आमच्याच बसनं येते. तेव्हा वन्सं, आधी आम्हाला दार उघडा, पत्र मागाहून वाचा.

तुमचीच,
पेइचू