परक्या आवाजांची सवय

ता. ९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आवाजातली इंग्रजीची तिसरी कॅसेट पोचली. पार्सलवर तुम्ही ‘नाजूक माल’ असं ठसठशीत लिहिलं होतं, म्हणून हॉस्टेलच्या वॉचमननं ती लोणच्याची बरणी असावी तशी दोन्ही हातांत धरून आणून दिली. ड्यूटी संपल्यावर लगेच ऐकली. विमानतळावर हरवलेल्या पेटीचा उतारा आणि ग्रंथालयाच्या वेळा, दोन्हींत सगळी उत्तरं बरोबर! तुम्ही मध्येच खाकरता तेव्हा माझी खोलीतली सोबतीण पाणी आणायला उठते. तिला वाटतं तुम्ही कॉटखालीच बसला आहात.

वाचनाचं मात्र रडगाणं आहे. मधमाश्यांवरच्या उताऱ्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जाते.

चिंगीला भेटून आले. पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. सासूबाईंनी या वेळी आडपडदा ठेवला नाही. तिचे बाबा गेल्यापासून मूल आम्हीच सांभाळतोय, तुझ्या हॉस्टेलात तिला जागा नाही, तेव्हा वर्षअखेरीपर्यंत स्वतःचं घर कर, नाहीतर मोठ्या जाऊबाईंच्या नावानं दत्तकाचे कागद करू, असं म्हणाल्या. जाऊबाई खाली मान घालून चिंगीला भरवत होत्या. त्यांना मूल नाही, जीव लावतात, त्यांना तरी काय बोलणार? परदेशातल्या हॉस्पिटलात नर्सला राहायला घर मिळतं आणि मूलही नेता येतं. पण त्याआधी ही इंग्रजीची परीक्षा. म्हणजे चिंगी माझी राहणार की नाही, हे आता विमानतळावरच्या पेट्यांवर ठरणार.

तब्येतीला जपा. मामीला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नका, वाढला तर चालेल.

तुमची,
बबडी


ता. १८ जून

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला मधमाश्या चावल्याचं कळलं. अगं, आधी प्रश्न वाच आणि मग उताऱ्याकडे वळ. उतारा म्हणजे घरी आलेला पाहुणा नव्हे. त्याची विचारपूस करत बसायचं नाही, हवं तेवढं विचारायचं आणि वाटेला लावायचं.

चौथी कॅसेट पाठवतो आहे. ती भरताना खिडक्या बंद, पंखा बंद, मी घामाघूम आणि तुझी मामी दाराशी पहाऱ्याला. शेजारच्या शिंप्याचं मशीन सुरू झालं की आमचं काम थांबतं. संवादातल्या बाईचा आवाजही मीच काढला आहे. ऐकून मामी म्हणाली की ही बाई बरेच दिवस आजारी दिसते.

छातीचे डॉक्टर बोलणं कमी करा म्हणतात. जन्मभर बोलण्याचाच पगार खाल्ला, आता गप्प कसा बसू? निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, तेवढं पडू दे.

सासूबाईंशी हुज्जत घालू नकोस. निकाल हातात घेऊन जा, तोच बोलेल. तुझी आई आमच्या भरवशावर तुला ठेवून गेली. आता तुझी लेक तुझ्यापासून सुटलेली मला बघवणार नाही.

तुझा,
मामा


ता. २ सप्टेंबर

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला एकटीला. मामांच्या हाती लागू देऊ नकोस.

परीक्षेचा निकाल आला. वाचनात पास झाले, मामांची युक्ती कामाला आली. ऐकण्याच्या पेपरात मात्र सपशेल नापास.

हेडफोन लावले. एक बाई आणि एक माणूस भाड्याच्या खोलीविषयी बोलायला लागले. शब्द सगळे ओळखीचे. मी कागदावर पेन टेकवून थांबले आणि थांबूनच राहिले. त्यांचं बोलणं संपलं तरी मी आपली थांबलेलीच. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले तेव्हा कळलं, मी कशाची वाट बघत होते ते. मामी, मामा उत्तर येण्याआधी खाकरतात गं. दर वेळी. वर्गातल्या पोरांनी पेन उचलावं म्हणून लागलेली सवय असणार, त्यांना स्वतःला पत्ताही नसेल. मलाही कुठे होता? ते खाकरले की माझा हात आपोआप लिहायचा. मला ऐकून इंग्रजी कळत नव्हतंच, फक्त मामा कळत होते.

नोव्हेंबरात पुन्हा बसता येईल. वर्षअखेरीच्या आतली ती शेवटचीच. तोवर चिंगीकडे जाणंही बंद करते. जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो, तेवढा अभ्यास होईल. मामांना सांग की निकाल लांबला. त्यांचा मला राग नाही, खरंच नाही. पण भीती फार वाटते.

तुझी,
बबडी


ता. १० सप्टेंबर

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मामीला लपवाछपवी जमत नाही. पत्र उशीखाली ठेवून दिवसभर माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं डॉक्टरांनीच काही कळवलं. शेवटी पत्र माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

घरात एक कॅसेट होती, ती लावली. खाकरतो खरा. अगदी नेमका. इतकी वर्षं माझा वर्ग पास होत गेला आणि मी मिशीला पीळ देत राहिलो. त्या पोरांना खरंच काय येत होतं, देव जाणे. त्यांचं आता काही करता येणार नाही. तुझं येईल.

माझ्या सगळ्या कॅसेट उलट टपाली परत पाठव. त्यांच्यावर मी रेडिओवरचं इंग्रजी भरणार आहे. परकी माणसं, भरभर बोलणारी, ऐकणाऱ्याची पर्वा नसलेली. खरखर येईल, येऊ दे. प्रश्न मी लिहून पाठवतो. एकदाच ऐकायचं, मागे फिरवायचं नाही. बाजारात नव्या कॅसेट मिळतात हे मलाही ठाऊक आहे. पण जुन्या तुझ्याकडे राहिल्या, तर जड गेलेल्या दिवशी तू त्याच लावून बसशील. एकही मागे ठेवू नकोस. माझा आवाज तुला आता नडतो आहे.

तुझा,
मामा


ता. २७ नोव्हेंबर

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे मामा या सोमवारी सकाळी गेले. काल शुक्रवारी तुझी परीक्षा होती म्हणून तुला तार केली नाही. तसं त्यांनीच मला बजावून ठेवलं होतं. रागावायचं तर माझ्यावर रागाव, गेलेल्या माणसावर नको.

शेवटी शेवटी बोलणं बंदच झालं होतं. रेडिओला कान लावून बसायचे आणि तुझे प्रश्न लिहायचे. आपलंच वेडंवाकडं अक्षर मला दाखवून खुणेनं सांगायचे की या पोराला बाकावर उभं करायला हवं.

घर फार गप्प झालंय गं. घरातल्या कॅसेटवरही त्यांनी रेडिओच भरला. तुझ्याकडे त्यांच्या आवाजाची एखादी कॅसेट चुकून राहिली असेल तर पाठव. इंग्रजी मला कळत नाही, पण मला कुठे समजून घ्यायचंय? नुसतं ऐकायचंय.

पेपर कसा गेला ते कळव.

तुझी,
मामी


ता. २९ डिसेंबर

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की रडू यायचं. मामी, एकही कॅसेट राहिलेली नाही. एक ठेवून घ्यावी असं फार वाटलं होतं, पण त्यांचा शब्द मोडवला नाही. सगळ्यांवर आता बातम्या आहेत. तुला काय पाठवू?

मी पास झाले. ऐकण्यातही चांगले गुण पडले. परकी माणसं कितीही भरभर बोलली तरी आता कळतात.

निकाल घेऊन सासरी गेले ती भांडायच्या तयारीनं. भांडण झालंच नाही. सासूबाईंनी कागद बघितला आणि घडी करून परत दिला. जाऊबाईंनी चिंगीचे कपडे घड्या करून बॅगेत भरले, तिला ताप आला की काय लागतं, ती कुठल्या कुशीवर झोपते, सगळं सांगितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नर्स असून माझ्या मुलीचं हे मला माहीत नव्हतं.

सध्या सोबतिणीच्या बहिणीकडे राहतोय. चिंगी अजिबात त्रास देत नाही. पुढ्यात येईल ते खाते, सांगितलं की झोपते. काल तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं मला अहोजाहो करून, अगदी अदबीनं विचारलं की तुम्ही मला आईकडे कधी सोडणार. मी म्हटलं, बाळा, तुला आईकडेच तर आणलंय. तिनं वळून सगळ्या खोलीभर बघितलं, आणखी कोण आलंय का ते.

पुढच्या महिन्यात निघायचं आहे. निघण्याआधी तिला घेऊन तुला भेटायला येईन. तोवर लोभ सोडू नकोस, मला आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझी,
बबडी